इतिहासकार कोसंबींनी मांडलेलं गणित जगभर दुसऱ्यांच्या नावाने का ओळखलं जातं?

निरगुडसरच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडदमध्ये जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पल्सार ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरींची एक गंमत असते. वरची फ्रिक्वेन्सी आधी पोहोचते, खालची मागून. शिट्टीचा सूर वरून खाली घसरावा तसंच. असा सूर बदलत जाणारा सिग्नल म्हणजे ‘चर्प’.

तो ओळखायचा कसा?

नेहमीची फूरिए पद्धत सिग्नलची फोड ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरींमध्ये करते. चर्पची फ्रिक्वेन्सी मात्र क्षणाक्षणाला बदलते. त्यामुळे त्याची ताकद विखुरते आणि सिग्नल कमजोर असेल तर तो गोंगाटात हरवतो.

एक उपाय म्हणजे वेळेचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातली फ्रिक्वेन्सी बघणं. दुसरा उपाय, साचा आधी ठरवायचाच नाही. नोंदींचे एकमेकींशी असलेले संबंध तपासायचे आणि फोड कशी करायची ते त्यावरूनच ठरवायचं. यात आकडेमोड खूप लागते. पण परग्रहावरचे क्षीण सिग्नल शोधायलाही ही पद्धत सुचवली गेली आहे.

या दुसऱ्या उपायामागचं गणित १९४३ साली पुण्यात राहणाऱ्या एका माणसाने मांडलं होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. होय, तेच इतिहासकार कोसंबी!

गोवा ते हार्वर्ड, हार्वर्ड ते पुणे

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्म. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. परतल्यावर बनारस, अलीगढ आणि मग फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं.

१९४३ चा तो शोधनिबंध भारतीय गणिती नियतकालिकात छापून आला. त्याच दशकात फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रेंच गणिती लोएव यांनी स्वतंत्रपणे हेच मांडलं. जगाने प्रमेयाला त्या दोघांचं नाव दिलं. कोसंबींचं नाव आता कुठे काही जण त्याला जोडू लागले आहेत.

जुन्नरच्या डोंगरात

पुढे होमी भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये बोलावलं. कोसंबी डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करत आणि वेळ मिळेल तेव्हा पायी रानोमाळ फिरत. नाणेघाट, जुन्नरची लेणी, गावोगावच्या देवींची ठाणी त्यांनी अभ्यासली. मानमोडी देवीचं नाव आणि तिथल्या लेण्यातल्या शिलालेखातलं जुनं नाव यांचा संबंधही त्यांनी दाखवला.

१९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी, ५८ व्या वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं.

खोडदची दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्था त्याच टीआयएफआरचा भाग आहे. पुढच्या वेळी नारायणगावच्या रस्त्याला त्या अँटेना दिसल्या, तर कोसंबींची आठवण नक्की काढा.