शिरूर-दौंडचा काळा कातळ, कर्नल साइक्स आणि जमिनीखालचा हायड्रोजन

शिरूर किंवा दौंड तालुक्यात विहीर खणली की आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ. दख्खनच्या या कातळाची शास्त्रीय नोंद करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक होते विल्यम हेन्री साइक्स. पेशाने मात्र ते कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी.

जन्म १७९० चा. कोवळ्या वयातच ते मुंबई फौजेत दाखल झाले. १८१७ साली खडकी आणि पुण्याच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना वेगळंच काम दिलं: जिंकलेल्या दख्खनची मोजदाद. माणसं, पिकं, हवामान, सगळंच. सरकारला हवा होता महसूल. साइक्स पक्षी आणि दगडही टिपत राहिले. १८२९ मध्ये हे पदच रद्द झालं, तेव्हा त्यांनी रजा काढून १८३१ पर्यंत काम पुरं केलं. पुढे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी त्यांनी दख्खनच्या खडकांवर निबंध लिहिला. कातळाचे आडवे थर आणि त्यांना उभ्या छेदणाऱ्या दगडी भिंती त्यात आल्या.

या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, लोह भरपूर असतं. भेगांतून खोल गेलेलं पाणी तापतं, लोह त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं (एक प्रकारचं गंजणंच) आणि हायड्रोजन सुटा होतो. साइक्स जन्मण्याआधीच फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी बंदुकीच्या तापलेल्या लोखंडी नळीतून पाणी सोडून हा वायू मिळवला होता. तीच क्रिया जमिनीखाली आपोआप घडते, हे कळायला मात्र खूप काळ जावा लागला.

म्हणून दौंडच्या बोअरला गॅस लागेल असं समजू नका. ऑलिव्हिनने भरलेल्या खोल खडकांत ही क्रिया जास्त जोमाने होते. शिवाय हायड्रोजन फार हलका. भेगांतून निसटतो, वाटेत जिवाणूही त्याच्यावर जगतात. साठायला वर घट्ट झाकण लागतं. आफ्रिकेतल्या मालीत, बुराकेबुगू गावी, १९८७ मध्ये पाण्यासाठी घेतलेल्या बोअरमधून हा वायू निघाला. तिथे डोलेराइटचं झाकण आहे. डोलेराइट म्हणजे बेसॉल्टचा चुलतभाऊच.

साइक्स इंग्लंडला परतून कंपनीचे अध्यक्ष आणि नंतर खासदार झाले. १८७२ मध्ये ते वारले. दख्खनच्या माळावरचा एक चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.