पाहणारा डोळा की आणखी कोणी? दासोपंतांची ‘पासोडी’ काय सांगते

केजच्या शेजारच्या अंबाजोगाईत सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे एक कापड जपलेले आहे. पासोडी म्हणजे पांघरायचे जाडेभरडे कापड. संत दासोपंतांनी त्यावर ओव्या लिहिल्या, आकृत्या काढल्या. विषय होता पंचीकरण, म्हणजे पाच भुतांपासून शरीर आणि इंद्रिये कशी घडली याचा हिशेब.

कोण होते दासोपंत?

जन्म शके १४७३ चा (इ.स. १५५१). वडील दिगंबरपंत बिदरच्या राजवटीतले देशपांडे. दुष्काळात सरकारी धान्य लोकांना वाटले गेले, वसुली थकली आणि लहानग्या दासोला ओलीस ठेवले गेले, असे चरित्रकार सांगतात. पैसे भरायला दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस आला. तो साक्षात दत्तच, अशी भाविकांची श्रद्धा. पुढे दासोपंतांनी घर सोडले, माहूरला तप केले आणि अखेर अंबाजोगाईत स्थिरावले.

तिथे त्यांनी अफाट लिहिले. एकट्या ‘गीतार्णवा’च्याच ओव्या सव्वा लाखाच्या घरात सांगतात. रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, ही आख्यायिका म्हणूनच पटते!

पंचीकरण म्हणजे काय?

प्रत्येक भूत निम्मे स्वतःकडे राहते. उरलेल्या निम्म्याचे चार भाग होऊन ते इतर चौघांत मिसळतात. म्हणून मातीतही पाणी, तेज, वारा आणि आकाश यांचा आठवा-आठवा हिस्सा असतो.

इंद्रियांचा संबंध इथेच येतो. आकाशाचा गुण शब्द, तो कानाला कळतो. वायूचा स्पर्श त्वचेला, तेजाचे रूप डोळ्याला, पाण्याची चव जिभेला, पृथ्वीचा गंध नाकाला. एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही. मग चिंच पाहताच तोंडाला पाणी का सुटते? डोळ्याने तर फक्त रूप पाहिले. पाचही बातम्या एकत्र करणारे अंतःकरण वेगळे, असे हा विचार सांगतो. आणि मन थाऱ्यावर नाही हेही आपल्याला कळतेच; ते ज्याला कळते तो साक्षी आत्मा.

गंमत अशी की डोळा हे केवळ साधन आहे, हे सांगणारा विचार दासोपंतांनी डोळ्यांना दिसेल असा, आकृत्या काढून मांडला. कागद-पोथीची वहिवाट असताना कापड निवडले, त्यामुळे सगळा पसारा एकाच वेळी नजरेसमोर उलगडता येतो.

शके १५३७ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी अंबाजोगाईतच आहे.