हेन्रिएटा लॅक्स : जिची संमती कुणी विचारली नाही

वैद्यकशास्त्राची प्रगती कुणाच्या देहावर उभी राहिली, हा प्रश्न शोषितांनी विचारलाच पाहिजे. म्हणून हेन्रिएटा लॅक्स यांचे जीवन आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात 1 ऑगस्ट 1920 रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच वारली. आजोबांनी त्यांना वाढविले. ते राहात ते लाकडी घर म्हणजे पूर्वी गुलामांची खोपटी. बालपणापासून त्या तंबाखूच्या शेतात राबल्या. 1941 मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे कुटुंब बाल्टिमोरजवळ आले. त्यांना पाच मुले झाली.

जानेवारी 1951 मध्ये रक्तस्रावाचा त्रास घेऊन त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. कृष्णवर्णीयांसाठी तेथे वेगळा वॉर्ड होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. उपचार करताना डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून संशोधकाकडे दिला. त्यांना विचारले नाही, सांगितलेही नाही. 4 ऑक्टोबर 1951 रोजी वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. ‘हेला’ या नावाने त्या जगभर गेल्या. पोलिओच्या लसीची चाचणी त्यांवर झाली. कंपन्यांनी त्या विकल्या. कुटुंबाला 1973 पर्यंत याचा पत्ता नव्हता आणि त्यांच्या थडग्यावर 2010 पर्यंत साधा दगडही नव्हता.

मानवी प्रयोगाला संमती हवी, असे न्युरेंबर्ग येथे अमेरिकी न्यायाधीशांनी 1947 मध्येच ठरविले होते. नाझी डॉक्टरांना लावलेली ही कसोटी स्वतःच्या रुग्णालयांना लावणारा कायदा मात्र त्या देशात नव्हता. एका कंपनीने वारसांशी तडजोड केली ती 2023 मध्ये!

आपल्याकडे काय? 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाची खरी संमती अनिवार्य ठरविली, हे स्वागतार्हच. पण रुग्णाला किती सांगायचे, याची अमेरिकेतील अधिक कडक कसोटी न्यायालयाने नाकारली. येथील बहुसंख्य रुग्ण गरीब व अल्पशिक्षित आहेत, हे त्याचे एक कारण. माहितीचे माप डॉक्टरी पेशाच्या प्रचलित रीतीवर सोपविले गेले. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. ज्याला कमी कळते असे मानता, त्याला अधिक समजावून सांगायला हवे. गरिबी हे अज्ञानात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

बांधवांनो, अंगठा उमटविण्यापूर्वी कागद वाचून घ्या, समजावून मागा. डॉक्टरांचा आदर जरूर करा, पण देहावरील हक्क सोडू नका!