व्हायोलाचा कैवारी

पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलाला जागा होती, मान नव्हता. व्हायोलिनचे तेज आणि चेलोचे गांभीर्य यांच्यामध्ये हे वाद्य झाकोळून जाई. व्हायोलिनवर ज्याची मात्रा चालत नसे त्याने व्हायोलाकडे वळावे, अशी जणू रीतच पडली होती. ती मोडून काढण्यासाठी लायनेल टर्टिस या इंग्रज वादकाने आपले आयुष्य वेचले.

टर्टिस यांचा जन्म १८७६ साली वेस्ट हार्टलपूल येथे, इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. कोवळ्या वयातच पियानो वाजवून ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. पुढे लंडनमध्ये व्हायोलिनचे शिक्षण घेत असताना चौकडीत व्हायोलावादकाची उणीव भासली. एका सहाध्यायाच्या सूचनेवरून त्यांनी ते वाद्य हाती घेतले, ते कायमचेच. समर्थ गुरूच्या अभावी ते बव्हंशी स्वतःच शिकले. हेन्री वुड यांच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात आणि नंतर टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदात ते व्हायोलाचे प्रमुख वादक झाले. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी अध्यापन केले. एरिक कोट्स आणि रिबेका क्लार्क हे पुढे संगीतरचनाकार म्हणून नावारूपाला आलेले त्यांचेच शिष्य.

परंतु केवळ उत्तम वादक घडवून वाद्याला प्रतिष्ठा लाभत नाही; त्याच्यासाठी रचनाही व्हाव्या लागतात. टर्टिस यांनी रचनाकारांचा पिच्छा पुरविला. अर्नोल्ड बॅक्स, व्हॉन विल्यम्स आदींनी त्यांच्यासाठी लिहिले. एल्गार यांच्या चेलो कॉन्चेर्टोचे त्यांनी रचनाकाराच्या संमतीने व्हायोलासाठी रूपांतर केले.

आणि इथेच नियतीने त्यांची परीक्षा पाहिली. तरुण विल्यम वॉल्टन यांनी १९२९ मध्ये व्हायोलासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो टर्टिस यांना फारच आधुनिक वाटला व त्यांनी तो नाकारला. पहिल्या प्रयोगाचा मान जर्मन रचनाकार पॉल हिंडेमिथ यांना मिळाला. ज्या नव्या साहित्यासाठी जन्मभर झगडावे, ते दारी आल्यावर ओळखू येऊ नये, ही शोकांतिकाच म्हटली पाहिजे. मात्र टर्टिस यांनी आपली चूक उघडपणे कबूल केली आणि पुढे ती रचना स्वतः वाजविली. अहंकार बाजूला सारण्याचे हे धैर्य त्यांच्या वादनकौशल्याइतकेच मोलाचे होते.

१९३७ साली हाताच्या दुखण्यामुळे त्यांनी निवृत्ती पत्करली, पण स्वस्थ बसले नाहीत. व्हायोलाचे स्वर व्हायोलिनपेक्षा पंचमाच्या अंतराने खाली. त्या मानाने त्याचा देह मात्र लहान. त्यामुळे स्वराला भरदारपणा येत नसे. आर्थर रिचर्डसन या कारागिराच्या साह्याने त्यांनी पावणेसतरा इंच लांबीचा, हाताला पेलेल आणि तरीही घुमेल असा व्हायोला सिद्ध केला. दुखणे हटल्यावर ते पुन्हा वाजवू लागले. १९७५ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी ते निवर्तले. तोवर व्हायोला हा अयशस्वी व्हायोलिनवादकांचा आश्रय उरला नव्हता. दुय्यम ठरविलेल्या गोष्टीचे दुय्यमत्व अनेकदा तिच्या अंगचे नसून आपल्या दृष्टीचे असते, हेच त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.