यशवंताची आई

७ फेब्रुवारी आणि २७ मे हे दोन दिवस आले की आपल्या मोबाईलवर रमाईचे फोटो फिरू लागतात. खाली ठरलेले शब्द असतात: त्यागमूर्ती, माऊली, बाबासाहेबांची सावली. शब्द खोटे नाहीत, पण ते वाचून रमाई ही पाच लेकरांची आई होती आणि त्यातलं एकच तिच्या हाती मोठं झालं, हे कुणाच्या मनात राहत नाही.

रमाईचा जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आधी आई गेली, मग वडील. धाकट्या भावाला, शंकरला सांभाळत ही पोर नातेवाईकांबरोबर मुंबईला आली. म्हणजे स्वतःचं मूल होण्याआधीच तिने आईपण केलं होतं. नवव्या-दहाव्या वर्षी भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, तिचं भीमरावांशी लग्न लागलं.

१२ डिसेंबर १९१२ ला यशवंत जन्मला. फेब्रुवारी १९१३ मध्ये सासरे रामजी सुभेदार गेले. त्याच जुलैत बाबासाहेब अमेरिकेला निघाले तेव्हा यशवंत सात महिन्यांचा होता. ते परतले ऑगस्ट १९१७ मध्ये. पुन्हा जुलै १९२० ला लंडन आणि एप्रिल १९२३ ला परत. हिशेब करून बघा. यशवंताच्या पहिल्या दहा वर्षांतली जवळपास सात वर्षं बाप समुद्रापार होता. मुलाला खोकला झाला, ताप चढला, शाळेचा प्रश्न आला, की निर्णय घ्यायला घरात रमाई. सोबत जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या, आणि त्यात हे सगळं. शेण्या थापून, पोटाला चिमटा घेऊन तिने घर चालवल्याच्या आठवणी आपल्या घराघरांत आजही सांगितल्या जातात.

गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. चौघंही लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न, जुलै १९२६ मध्ये. बाबासाहेब किती कोसळले, हे त्यांनी पुढच्याच महिन्यात दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रातून कळतं. रमाईचं असं पत्र नाही. आपण बाबासाहेबांचं दुःख वाचतो आणि तिचं गृहीत धरतो.

मी वस्तीत काम करते. मूल दगावलेल्या घरात गेलं की आई उरलेल्या मुलाला नजरेआड होऊ देत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्याला दारात खेळायलासुद्धा पाठवत नाही. चार लेकरं गेलेल्या रमाईच्या पदरात १३ वर्षांचा यशवंत उरला होता, आणि त्याचीही तब्येत नाजूक. संधिवाताने तो बेजार असायचा. अशा मुलाची आई म्हणजे रात्रीची राखणदारच. आणि हे त्याच काळात, जेव्हा महाड घडत होतं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होता, गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब पुन्हा विलायतेला जात होते.

धारवाडच्या वसतिगृहातली गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. अनुदान आलं नाही, पोरं उपाशी, आणि रमाईने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या असं सांगतात. भाषणात ही गोष्ट दानाची म्हणून येते. मला ती तशी वाटत नाही. उपाशी पोरांचा आवाज ज्या बाईने स्वतःच्या घरात ऐकलाय, तिला तो दुसरीकडे सहन होत नाही, एवढंच.

दादरच्या राजगृहात मोठं घर मिळालं तेव्हा शरीर थकलं होतं. २७ मे १९३५ ला ती गेली. यशवंत २२ वर्षांचा होता. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला इंग्रजी ग्रंथ रमूच्या स्मृतीला अर्पण केला. याचा उल्लेख आपण दरवर्षी करतो. तिच्या मुलाचं पुढे काय झालं, हे मात्र पोरांना विचारा, निम्मे गप्प बसतात.

यशवंतरावांनी बापासारख्या पदव्या घेतल्या नाहीत. त्यावरून त्यांना हिणवणारे आपल्यातलेच होते. त्यांनी छापखाना चालवला, 'प्रबुद्ध भारत'चं काम पाहिलं. १९५६ नंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांच्याकडे आली. धम्म गावोगाव नेण्यासाठी ते फिरले. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आपण ज्या स्तूपापुढे रांग लावतो, तो उभा राहावा म्हणून दारोदार निधी मागणारे हेच भैय्यासाहेब. १७ सप्टेंबर १९७७ ला ते गेले.

आमच्या वस्तीत ७ फेब्रुवारीला तीन मंडळांचे तीन बॅनर लागतात. मागच्या १२ डिसेंबरला आम्ही बुद्धविहारात भैय्यासाहेबांची जयंती ठेवली, तर अकरा जण आले. त्यातल्या सात आया होत्या.