नळदुर्गचा टेलर आणि खुर्चीला टांगलेलं रिव्हॉल्वर

पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला नळदुर्गला गेलात, की तटावरून चक्कर मारताना फिलिप मेडोज टेलर हे नाव आठवा. 1853 मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा इथला कारभार या माणसाकडे आला. इंजिनीअरिंगचं शिक्षण नाही, तरी रस्ते आखले, जमिनीची मोजणी लावली. तुळजापूर तर त्याला इतकं आवडलं, की पुढे ‘तारा’ या कादंबरीतला बराच भाग त्यानं तिथे घडवला.

टेलरचा जन्म 1808 चा, लिव्हरपूलचा. मिसरूड फुटायच्या वयात, 1824 मध्ये, तो मुंबईत उतरला, एका व्यापाऱ्याकडे नोकरी करायला. ते काही जमलं नाही आणि तो निजामाच्या फौजेत गेला. ठगांवरच्या त्याच्या कादंबरीनं 1839 मध्ये लंडन गाजवलं. पण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट घडली ती शोरापूरच्या राजाच्या बाबतीत. हे शोरापूर म्हणजे आजचं कर्नाटकातलं सुरपूर.

तिथला बेडर राजा व्यंकटप्पा नायक लहान असताना संस्थान टेलरनं सांभाळलं. पोरगं त्याला अप्पा म्हणायचं. 1853 मध्ये राजा वयात आला, टेलर गादी त्याच्या हाती देऊन नळदुर्गला आला. चारच वर्षांनी 1857 उजाडलं. टेलरला वऱ्हाडात पाठवलं गेलं, तेही सोबत फौज न देता. इकडे 1858 च्या सुरुवातीला राजानं बंड केलं, ते फसलं आणि तो पकडला गेला.

काडतुसांचं नाव काढलं की आपल्याला एनफिल्ड रायफल आठवते. ते काडतूस दातानं फाडावं लागे, म्हणून चरबीच्या संशयानं आग लागली. अधिकाऱ्यांच्या कमरेच्या रिव्हॉल्वरचं कागदी काडतूस वेगळं. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला पातळ कागद, आत दारू, टोकाला शिशाची गोळी. फाडायची गरज नाही. कप्प्यात समोरून सरकवायचं, खालच्या दांड्यानं ठासायचं, मागच्या बारीक नळीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी नळीतून आत जाते, कागद आणि दारू एकदमच पेटतात. पाच-सहा कप्पे, प्रत्येकाला हाच खटाटोप. ठासणीच्या बंदुकीचंच धाकटं भावंड म्हणा ना! ऐन वेळी हे सगळं करत बसणार कोण? म्हणून ते भरूनच कमरेला ठेवत.

राजाला आधी फाशी झाली होती. टेलरनं त्याच्यासाठी शब्द टाकला आणि शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. राण्यांना सोबत राहायची मुभा, नीट वागला तर संस्थानही परत मिळण्याची शक्यता. अप्पानं पोराला वाचवलं होतं. पण कैदेपेक्षा मरण बरं, असं राजा आधीच बोलून चुकला होता. मद्रासकडे नेताना वाटेतल्या मुक्कामात सोबतच्या अधिकाऱ्यानं रिव्हॉल्वरचा पट्टा काढून खुर्चीला टांगला आणि तो जरा तंबूबाहेर गेला. लगेच आतून आवाज आला. गोळी राजाच्या पोटातून आरपार गेली होती.

चुकून सुटली की मुद्दाम झाडली, यावर लोक अजून वाद घालतात. मला विचाराल, तर राजाचं आधीचं बोलणं पुरेसं बोलकं आहे.

राजाच्या राण्यांना आणि रयतेला तोंड द्यायला शोरापुरात होता टेलरच. पुढे संस्थान खालसा होऊन निजामाकडे गेलं. 1860 मध्ये नळदुर्गही निजामाला परत मिळालं आणि त्याच वर्षी खंगलेला टेलर हिंदुस्थान सोडून निघाला. 1863 मध्ये ‘तारा’ आली. 1876 मध्ये फ्रान्समधल्या मेन्टनला तो वारला. राजाची ही हकिकत त्याच्या आत्मचरित्रात आहे. ते छापून आलं त्याच्या मरणानंतर.