मेंदूंतील रक्तप्रवाह दाखविणारे डॉ. एगास मोनिझ

पोर्तुगाल देशाच्या उत्तर भागांत आव्हांका नांवाचें एक लहानसें गांव आहे. गोमंतकावर १९६१ पर्यंत ज्या देशाची सत्ता होती तोच हा पोर्तुगाल, म्हणून त्याचें नांव तरी आमच्या वाचकांस परकें नाहीं. या गांवीं ता. २९ नोव्हेंबर १८७४ रोजीं एका जुन्या जमीनदार घराण्यांत आंतोनियो या बालकाचा जन्म झाला. त्याचे चुलते पाद्री असून तेच त्याचे धर्मपिता होते. आपलें घराणें बाराव्या शतकांतील एगास मोनिझ या वीर पुरुषाचें आहे अशी त्यांची समजूत असल्यामुळें त्यांनीं पुतण्यास तेंच नांव दिलें. हा जुना एगास मोनिझ एका राजपुत्राचा गुरु होता. शिष्याच्या वतीनें त्यानें परराजास दिलेला शब्द शिष्यानें पाळला नाहीं, तेव्हां तो बायकामुलांसह गळ्यांत दोर अडकवून त्या राजापुढें जाऊन उभा राहिला, अशी दंतकथा त्या देशांत सांगतात. एवढें मोठें नांव लहानपणींच पदरीं पडलें, तर तें मुलास भूषण होईल कीं भार, हें सांगणें कठीण.

कोइंब्रा येथील विद्यापीठांतून १८९९ सालीं मोनिझ वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढें बोर्दो व पॅरिस येथें मज्जातंतूंच्या रोगांचा त्यांनीं अभ्यास केला. वयाच्या चोविसाव्या वर्षीं त्यांस वातरक्ताचा विकार जडला व त्यानें त्यांच्या हातांचीं बोटें कायमचीं वांकडीं केलीं. शस्त्र हातीं धरण्याची आशा त्यांस सोडावी लागली. १९११ सालीं लिस्बन येथें ते मज्जातंतुशास्त्राचे अध्यापक झाले. परंतु त्यांचें चित्त तेथेंच स्थिर नव्हतें. १९०३ पासून ते लोकसभेंत निवडून येत होते. पुढें स्पेनमध्यें वकील, १९१८ सालीं परराष्ट्रमंत्री, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या तह-परिषदेंत देशाचे प्रतिनिधि, अशीं पदें त्यांनीं भूषविलीं. नंतर राजकारण सोडून ते रुग्णालयांत परतले. ज्या शोधामुळें त्यांचें नांव राहिलें त्यास आरंभ झाला तेव्हां त्यांस पन्नाशी उलटली होती.

हा शोध कोणत्या अडचणींतून निघाला तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासावा हिस्सा. परंतु हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा हिस्सा तो एकटाच घेतो. हा पुरवठा कांहीं मिनिटें जरी पूर्ण तुटला तरी मेंदूच्या पेशी मरूं लागतात. अर्धांगवायूच्या बहुतेक रोग्यांत असेंच घडतें: एखादी रक्तवाहिनी तुंबते, आणि एका क्षणापूर्वीं बोलत असलेल्या मनुष्याची जीभ व अर्धें अंग निर्जीव होतें. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं लागला खरा, पण त्यांस दिसे तें कवटीचें हाड. आंतील मेंदू आणि त्यांतील रक्त हीं दोन्ही त्यांस सारखींच पारदर्शक. अमेरिकेंतील डँडी यांनीं १९१८ सालीं मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून चित्रें घेतलीं; परंतु तो उपाय रोग्यास फार क्लेशदायक, आणि त्यांत रक्तवाहिनी दिसतच नसे.

मोनिझ यांनीं विचार केला तो असा: मेंदू अपारदर्शक करतां येत नाहीं, तर रक्तच कां करूं नये? अपस्मारावर ब्रोमाइडचें औषध त्या काळीं सर्रास देत. तें शरीरास सोसतें हें ठाऊक होतें. म्हणून स्ट्राँशियम ब्रोमाइडचा द्रव घेऊन त्यांनीं प्रथम कुत्र्यांवर व प्रेतांवर प्रयोग केले. सुई व शस्त्र चालविण्यास त्यांनीं पेद्रो आल्मेइदा लीमा या तरुण डॉक्टरास हातीं धरलें. गुरूचें डोकें आणि शिष्याचे हात, अशी ही जोडी पुढें अनेक वर्षें टिकली.

जिवंत रोग्यांवरील पहिले प्रयत्न फसले. कोठें द्रव धमनींत शिरलाच नाहीं, कोठें चित्र अस्पष्ट आलें. आणि एक रोगी मेंदूच्या धमनींत रक्त गोठून मरण पावला. मोनिझ यांच्या गौरवाच्या लेखांत ही गोष्ट पुष्कळदां एका वाक्यांत उरकतात. आम्हांस तें बरें वाटत नाहीं. त्या रोग्याचें नांव इतिहासांत नाहीं, पण पुढें ज्यांचे प्राण वांचले त्यांच्यावर त्याचेंहि ऋण आहे.

मोनिझ यांनीं ब्रोमाइड सोडून सोडियम आयोडाइडचा सौम्य द्रव घेतला. ता. २८ जून १९२७ रोजीं मेंदूच्या तळाशीं गांठ झालेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मानेंतील धमनी उघडी करून तींत हा द्रव सोडला, आणि कांचेवर प्रथमच जिवंत मनुष्याच्या मेंदूंतील धमन्यांचें जाळें स्वच्छ उमटलें. गांठीनें त्या कशा बाजूस ढकलल्या आहेत तेंहि दिसलें. ७ जुलै रोजीं पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें तें चित्र मांडलें गेलें.

एक चित्र म्हणजे एका क्षणाची नोंद. प्रवाह पाहावयाचा तर क्षणामागून क्षण टिपला पाहिजे. पेरेइरा काल्दास या सहकाऱ्यानें कांचा भराभर बदलणारें एक फिरतें यंत्र रचलें; त्यामुळें द्रव प्रथम धमन्यांत, मग सूक्ष्म वाहिन्यांत, मग शिरांत कसा जातो हें क्रमानें दिसूं लागलें. १९३७ सालीं मोनिझ, लीमा व द लासेर्दा यांनीं असे रोगी दाखविले कीं, ज्यांच्या अर्धांगवायूचें मूळ मानेंतील तुंबलेल्या धमनींत होतें. दोष मेंदूंत शोधावा आणि सांपडावा मानेंत, हा बोध फार मोलाचा ठरला.

रक्त दिसलें, पण किती वाहतें? याचें उत्तर इतरांनीं दिलें. अमेरिकेंत केटी व श्मिट यांनीं १९४५ सालीं रोग्यास नायट्रस ऑक्साइड वायु हुंगवून व रक्तांतील त्याचें प्रमाण तपासून संपूर्ण मेंदूचा प्रवाह मोजला. निरोगी मनुष्यांत तो दर १०० ग्रॅम मेंदूस मिनिटाला सुमारें ५० मिलिलिटर भरतो. तो २० च्या खालीं गेला कीं मेंदूचें काम थांबतें. १० च्या खालीं पेशी लौकर मरतात. या दोहोंमधील भाग निजल्यासारखा असतो, मेलेला नसतो. तो कोठें व किती आहे हें कळलें तर त्यास वांचवितां येतें. १९७१ सालीं लंडन येथें हाउन्सफील्ड यांचें सी.टी. यंत्र आलें, आणि १९८० पासून त्यावर आयोडीनयुक्त द्रवाची लाट मेंदूच्या प्रत्येक भागांत केव्हां येते, किती चढते व केव्हां ओसरते हें मोजून प्रवाह काढण्याची युक्ति निघाली. अशाच मापनाच्या आधारें रोगी निवडून, झटक्यानंतर १६ ते २४ तासांपर्यंतहि गुठळी ओढून काढल्यास कित्येकांस लाभ होतो, हें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन चांचण्यांनीं सिद्ध केलें. सुई आतां मानेंत नव्हे, हाताच्या शिरेंत टोंचतात. पण द्रवांत आयोडीनच असतें.

मोनिझ यांनीं १९३१ पासून थोरियमयुक्त थोरोट्रास्ट वापरण्यास आरंभ केला. चित्रें त्यानें सुरेख येत, परंतु तें शरीरांत कायमचें राहून किरणोत्सर्ग करी, आणि अनेकांस वर्षांनंतर यकृताचा कर्करोग झाला.

आतां थोडें मागें जाऊन चरित्राचा कठीण भाग सांगणें प्राप्त आहे. ऑगस्ट १९३५ मध्यें लंडनच्या परिषदेंत माकडांच्या मेंदूवरील प्रयोग मोनिझ यांनीं ऐकले, आणि तीनच महिन्यांनीं, ता. १२ नोव्हेंबर रोजीं, लीमांच्या हातून एका मनोरुग्णेच्या मेंदूच्या पुढील भागांत मद्यार्क सोडवून तेथील तंतू नष्ट केले. पुढें त्यासाठीं खास शस्त्र निघालें. वीस रोगी झाले, फार थोडे दिवस त्यांची देखरेख झाली, आणि १९३६ सालीं ग्रंथ बाहेर पडला. अमेरिकेंत ही क्रिया हजारों रोग्यांवर झाली. पुष्कळांचा क्षोभ शमला खरा, पण त्यांबरोबर त्यांचें मन व स्वभावहि मावळला.

दोन्ही कार्यांत मनुष्य तोच, घाईहि तीच. परंतु पहिल्या कार्यांत कांच पंचाप्रमाणें समोर होती: धमनी उमटली कीं नाहीं तें कोणीहि पाहूं शके, आणि चुकलें तर कांच तसें सांगे. दुसऱ्यांत रोगी सुधारला कीं नाहीं हें ठरविणारे मोनिझ स्वतःच होते. रोगी शांत झाला म्हणजे बरा झाला, असें त्यांनीं मानलें. त्यांस खोटें पाडील अशी कांच तेथें नव्हती.

१९३९ च्या मार्च महिन्यांत एका रोग्यानेंच त्यांच्या दवाखान्यांत त्यांच्यावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. ते त्यांतून वांचले. १९४४ सालीं अध्यापकपद सोडलें. रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठीं त्यांचें नांव नोबेल पारितोषिकास सुचविण्यांत आलें होतें, पण तें मिळालें नाहीं. १९४९ सालीं मिळालें तें मेंदूच्या त्या शस्त्रक्रियेबद्दल, स्वित्झर्लंडच्या हेस यांच्यासह. पुढें रोग्यांच्या आप्तांनीं तें परत घेण्याची मागणी केली; तें परत घेतलें गेलें नाहीं. ता. १३ डिसेंबर १९५५ रोजीं लिस्बन येथें मोनिझ वारले. आव्हांका येथील त्यांच्या घराचें १९६८ सालीं संग्रहालय झालें.